चौथ्या पाठातला हुंकार

यंत्राला मामाने चांगलं भारदस्त नाव दिलं होतं: 'अक्षरयंत्र'. झाकणावर चिकटवायला तशा पट्ट्याही छापून आणल्या होत्या. शाळेतल्या पोरांनी पट्टी वाचली, यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि पहिल्याच तासाला त्याचं नाव पाडलं, डबडं. मग डबडं बनवणारा तो डबडेमामा. मामा थोडे दिवस फुरंगटला, पण पुढच्याच आठवड्यात तो स्वतः शिपायाला म्हणाला, "डबडी मोजून घ्या हो."

खोटं कशाला बोला, दिसायला ते डबडंच होतं. ऑफिसांनी भंगारात काढलेल्या कीबोर्डांची बटणं, एका ओळीचा राखाडी पडदा, एक चिप, डासासारखा कुरकुरणारा बझर आणि तीन सेल, हे सगळं झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलेलं. इंटरनेट नाही, चित्रं नाहीत, खेळ नाहीत. मुलांनी टाइप करायचं आणि तास संपला की एका वायरीने सगळं बाईंच्या कॉम्प्युटरवर ओतायचं. बाकावरून पडलं तर डबडं टप्पा खाऊन परत चालू व्हायचं. एका पोराने ते मुद्दाम पाडून ही गोष्ट वर्गासमोर सिद्धही केली होती.

पहिलं डबडं मात्र शाळेसाठी बनलं नव्हतं. ते बनलं ताईसाठी.

ताई म्हणजे मामाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती मुलीला घेऊन भावाकडे राहायला आली आणि पुढच्या खोलीत तिने टायपिंगचा क्लास काढला. तेव्हाची ती लोखंडी यंत्रं दुरुस्त करता करताच मामाच्या हाताला कारागिरी लागली. ताईचा आवाज असा, की रस्त्याने जाणाऱ्याने आपणहून आत येऊन पाय पुसावेत. "बोटं बघू नका, बोटं कुठं पळून जात नाहीत," असं ती एकदा म्हणाली की पूर्ण खोलीच्या माना वर. पुढे कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, लोखंडी यंत्रं भंगारात गेली. आणि मग ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो आवाजही गेला.

पाटीवर लिहून दाखवणं तिला भीक मागितल्यासारखं वाटायचं. कागद तिने फेकून दिले. तेव्हा मामाने जुन्या कीबोर्डला एका ओळीचा पडदा जोडून तिच्या मांडीवर ठेवला. ताईने बोटं ठेवली, पडद्याकडे न बघता काहीतरी टाइप केलं आणि यंत्र भावाकडे वळवलं. त्यावर लिहिलं होतं, "चहात साखर विसरलास."

तेव्हापासून घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. मामा खिडकीपाशी टेबलावर सोल्डरिंग करत पाठमोरा बसलेला, ताई मागे तिच्या खुर्चीत. तिची टकटक चालायची, मग थांबायची. ती थांबली की मामा न वळता म्हणायचा, "हं." म्हणजे, थांब, आलो वाचायला. मग हातातलं टेकवून तो वळायचा आणि पडदा वाचायचा. पडदा एकाच ओळीचा, त्यामुळे वाचून झालं की ते पुसून ती पुढचं टाइप करायची. मागचं काही उरायचं नाही. शेजारणीची उणीदुणी, भाचीच्या केसांवरचे शेरे, मामाच्या घोरण्याची नक्कल (होय, घोरणंसुद्धा ती अक्षरांत लिहून दाखवायची), सगळं आलं आणि पुसलं गेलं.

वर्गाच्या बाई ताईला भेटायला आल्या, तेव्हा त्यांनी हे पाहिलं. या बाई एके काळी ताईच्याच विद्यार्थिनी. त्यांना प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची सवय, दुसऱ्यांदा जरा हळू. "हे वर्गात पाहिजे, मामा," त्या म्हणाल्या. "हे... वर्गात... पाहिजे." शाळेत कॉम्प्युटर होता एक, मुलं वर्गभर. मामा लाजला, ताईने मात्र लगेच टाइप केलं, "बनवेल तो. पाठ मी देते."

पाठ द्यायची युक्ती भाचीची. ती मामाबरोबर हेच काम करायची. चिपमध्ये काय भरायचं ते तिचं खातं. तिने अशी सोय केली, की ताई टाइप करेल तसं ते वेळेसकट साठवलं जावं. कोणतं अक्षर कधी पडलं, मध्ये किती थांबलं, सगळं जसंच्या तसं. मग मुलाने पाठ लावला की पडद्यावर अक्षर उमटायचं आणि ताईचं बोट जेव्हा पडलं होतं तेव्हाच बझर टिक करायचा. मुलाने त्या टिकटिकीबरोबर आपली बोटं चालवायची. म्हणजे मास्तरणीच्या हाताखाली बसून शिकावं तसं.

ताईने सहा पाठ दिले. सहावा दिला आणि फार दिवस काढले नाहीत.

ती गेल्यावर पहिली खेप तयार झाली, तेव्हा मामाने टेबलावर सगळी डबडी रांगेत मांडली आणि चाचणीसाठी सगळ्यांवर एकदम चौथा पाठ लावला. चौथाच का, तर त्यात सगळी बटणं येतात. बझर सुरू झाले. पत्र्यावर दाणे सांडावेत तसा आवाज, आणि त्या आवाजात ताईची चाल. दोन शब्द झरझर, तिसऱ्यावर जरा रेंगाळणं, जोडाक्षराच्या आधी घेतलेला श्वास. 'दार उघडे आहे,' इथवर आलं आणि सगळे बझर एकदम गप्प झाले.

मामाला वाटलं, चिप बसली. तो एका डबड्यावर वाकला. बाहेर रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत गेलं, तिची साखळी ऐकू आली. खोली गप्प. आणि मामाच्या तोंडून आपोआप गेलं, "हं?"

लगेच बझर सुरू झाले. 'वारा आत येतो.'

तेव्हा त्याला आठवलं. चौथा पाठ दिला त्या दुपारी भाची घरी नव्हती, ते दोघेच होते. ताई मध्येच थांबली होती. तो म्हणाला होता, "हं?" हातात तापलेली सोल्डरिंगची सळई होती, आता उचलली तर टाका कच्चा राहिला असता, म्हणून तो क्षणभर वळला नाही. तेवढ्यात मागे टकटक पुन्हा सुरू झाली. त्याला वाटलं, काही नसेल. पाठ संपवून ताई आत जाऊन पडली आणि ती का थांबली ते विचारायचं राहूनच गेलं. पाणी हवं होतं? कळ आली होती? की काही सांगायचं होतं आणि तिने विचार बदलला? त्या जागी तिने एकही बटण दाबलं नव्हतं. काय मनात होतं, ते कोणत्याच चिपमध्ये नव्हतं. होती फक्त ती रिकामी जागा, आणि ती आता मामाने वर्गभर डबड्यांमध्ये भरून ठेवली होती.

त्यानंतर चाचणी वाढली. एक टाका बदलला तरी पाठ चौथा. नुसते सेल घातले तरी पाठ चौथा. भाची म्हणायची, पहिल्या पाठाने काम भागतंय. मामा म्हणायचा, बघू दे ना गं नीट. ती जागा आली की तो म्हणायचा, "हं?" आणि वाट बघायचा. जागेची लांबी बदलू शकत नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक. तरी काही दिवशी ती त्याला लांब वाटायची. अशा दिवशी त्याच्या मानेवर काटा यायचा आणि तो वळायचा नाही. मागे ताईची खुर्ची होती. भाची मुद्दाम तिच्यावर धुतलेले कपडे टाकायची. मामा कपडे उचलून पलंगावर ठेवायचा. ती परत टाकायची. या विषयावर त्यांचं एवढंच बोलणं व्हायचं. पाठ चौथा सुरू झाला की भाची उठून आत जायची आणि मोरीतला नळ सोडायची.

शाळेत डबडी आली तेव्हा पहिले काही तास मामा स्वतः शिकवायला गेला. पोरांना तो भलता आवडला. चौथ्या पाठाला तो बाईंच्या खुर्चीत बसला होता. सगळ्या वर्गाचे बझर ती जागा आल्यावर गप्प झाले, आणि मामा सवयीने मान तिरकी करून, हवेत सळई धरल्यासारखा हात करून म्हणाला, "हं?"

आता पोरांचा न्याय सरळ. मामांनी केलं म्हणजे ते पाठात असतं. दुसऱ्या दिवशी ती जागा आली आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हं?" मामाची तशीच मान थोडी तिरकी, तसाच शेवटी सूर वर. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने तर मामासारखी हवेत सळई धरली होती. बाईंनाही वाटलं, ही पद्धतच असावी. त्यांनी ती नीट शिकवली. "इथे सगळ्यांनी हं म्हणायचं. इथे... सगळ्यांनी... हं."

मामा दाराशी उभा होता. त्याने हे ऐकलं. मेलेल्या बहिणीला एक अख्खा वर्ग हुंकार देत होता, आणि त्यातल्या कोणालाच ते माहीत नव्हतं. त्याने बाईंना थांबवायला तोंड उघडलं. पण मग बझर सुरू झाले, वारा आत आला, आणि तो तोंड मिटून घरी आला.

प्रकरण कळलं ते हेडसरांना. हेडसरांची गंमत अशी, की ते प्रत्येक बोलण्याची सुरुवात "मुद्दा असा आहे" अशी करायचे आणि मग मुद्दा सोडून सगळं सांगायचे. त्यांनी मामाला बोलावून घेतलं. मुद्दा असा होता, की वरच्या कार्यालयातून तपासणीचे साहेब येणार होते. साहेबांनी मान डोलावली तर डबडी राहतील, पुढच्या वर्गांनाही मिळतील. नाही डोलावली तर ती कोठीत जातील, जिथे तुटका पृथ्वीगोल आणि पाय नसलेला ब्लॅकबोर्ड आधीच सुखाने नांदत होते. आणि साहेबांसमोर सगळा वर्ग मध्येच हुंकारला तर? साहेब समजतील, पोरं टिंगल करतात. शिवाय यंत्र मध्येच बंद पडतं हा दोषच झाला.

"मुद्दा असा आहे," हेडसर म्हणाले, "ती जागा काढा. नाहीतर डबडी काढा."

हेडसरांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा सरळ मुद्दा निघाला आणि तो नेमका मामाच्या छातीवर बसला.

भाचीला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. तेवढी जागा कापायची, दोन्ही टोकं जोडायची. बाकी हात आईचाच राहील. तिने सांजेपर्यंत कापलेला पाठ तयार करून मामाच्या हातात भरणीची वायर दिली, म्हणजे ज्या वायरीने चिपमध्ये पाठ भरतात ती. एकेक डबडं जोडायचं, बटण दाबायचं, नवा पाठ आत, जुना पुसला. ताईच्या पडद्यासारखंच, मागचं काही उरत नाही.

"तू आलीस तर बरं होईल," मामा म्हणाला.

"मी नाही यायची," भाची म्हणाली. "तुझं तू कर."

तपासणीच्या सकाळी शाळा भरायच्या आधी मामा वर्गात बसला. शिपायाने दार उघडून दिलं. शिपाई नेहमी खात्याच्या भाषेत बोलायचा. "आपल्याला वरून सांगण्यात आलंय, की हे काम आटोपल्याशिवाय आपल्याला दार लावता येणार नाही," असं म्हणून तो बाहेर स्टुलावर जाऊन पेंगू लागला. मामाने पहिलं डबडं घेतलं, वायर जोडली, अंगठा बटणावर ठेवला. मग वायर काढली. दुसरं घेतलं, जोडली, काढली. तिसरं, चौथं. असं करत करत तो शेवटच्या बाकापर्यंत गेला. प्रत्येक डबड्याला वायर लागली, बटण एकाचंही दाबलं गेलं नाही. लांबून बघणाऱ्याला काम चोख झाल्यासारखं दिसलं असतं. हेडसरांनी विचारलं, झालं? मामाने मान हलवली. हो अशीही ती होती आणि नाही अशीही.

मुलं आली. हेडसरांनी स्वतः ओठांवर बोट ठेवून तालीम घेतली. मामाने ती जागा काढलीच आहे, तरीही सवयीने कोणी तोंड उघडलं तर गाठ माझ्याशी. पोरांनी ओठ असे मिटले, की जणू शिवून आणले आहेत.

साहेब आले. उंच, वाकलेले, तोंडात सतत काहीतरी चघळल्यासारखं करणारे. त्यांनी शिक्षणाची पन्नास यंत्रं येताना आणि जाताना पाहिली होती आणि कशानेच त्यांचं कपाळ हलत नव्हतं. हेडसर मुद्द्याच्या आसपास फिरत होते. साहेब ऐकत नव्हते. "चालू करा," ते म्हणाले आणि शेवटच्या बाकाशी जाऊन उभे राहिले, मुलांकडे पाठ करून, खिडकीबाहेर बघत. मामा कोपऱ्यात.

बाई म्हणाल्या, पाठ चौथा. पाठ... चौथा.

बझर सुरू झाले. ताईची चाल वर्गभर पसरली. मुलांची बोटं तिच्यामागून, कोणी जवळून, कोणी धापा टाकत. मामाला एकेक शब्द पुढे येताना दिसत होता. दार. उघडे. आहे.

आणि सगळं गप्प.

हेडसरांनी झटकन मामाकडे बघितलं. मुलांच्या माना सवयीने तिरक्या झाल्या, ओठ मात्र बंद. कोणाचं बाक करकरलं. मामाच्या घशाशी तो हुंकार आला होता आणि त्याने दातांनी धरून ठेवला होता. त्या दिवशी ती जागा लांब होती. तो शपथेवर सांगायला तयार होता, लांब होती.

"हं?" साहेब म्हणाले.

खिडकीबाहेर बघत, न वळता म्हणाले. मागून कोणीतरी बोलता बोलता थांबलं की माणूस म्हणतो, तसं.

बझर सुरू झाले. साहेब आता वळले आणि त्यांनी वर्गावरून नजर फिरवली, कोणी हाक मारली ते शोधत. कोणीच नव्हतं. सगळी मुलं खाली मान घालून टाइप करत होती. पाठ संपल्यावर साहेबांनी विचारलं, मध्ये काय झालं होतं. हेडसर म्हणाले, मुद्दा असा आहे, की यंत्रात बारीकसा दोष...

"दोष नाही," मामा म्हणाला. त्याला स्वतःलाच आपला आवाज अनोळखी वाटला. "तिथं बाई थांबतात."

"कोणत्या बाई?"

"शिकवणाऱ्या. त्यांचाच हात आहे हा. माझी थोरली बहीण."

"शाळेत नाही दिसल्या."

आता इथे खरं बोलायला एक शब्द पुरला असता. वर्गाच्या बाईंना तो माहीत होता, त्या मामाकडे बघत होत्या. मामा म्हणाला, "घरी असते. हल्ली बाहेर पडत नाही."

साहेबांनी मान डोलावली. त्यांचं चघळणंही थांबलं होतं. "त्यांना सांगा, हात सुरेख आहे," ते म्हणाले. "नुसती टिकटिक असती तर मी मघाशीच निघालो असतो. हे कोणीतरी शिकवतंय असं वाटतं." मग हेडसरांना म्हणाले, की डबडी राहू द्या आणि पुढच्या वर्गांसाठी याच बाईंकडून आणखी पाठ करून घ्या. सातव्यापासून पुढचे. याच बाईंकडून.

मामा घरी आला आणि त्याने भाचीला सगळं सांगितलं, फक्त क्रम चुकवून. आधी, डबडी राहिली. मग, आणखी पाठ हवेत. मग, ती जागा कापलीच नाही. आणि सर्वांत शेवटी, ताई घरी असते असं मी साहेबांना सांगितलंय.

भाची चिपा निवडत होती. ती थांबली नाही. "बरोबरच सांगितलंस," ती म्हणाली. "तुझ्या घरी असतेच ती. माझ्या नसते."

मामाने मग हळूच काढलं, की तूही तिच्याच हाताखाली शिकलीस. तिच्यासारखं जरा हळू टाइप केलंस, जोडाक्षराआधी जरा श्वास घेतलास, तर कोणाला काय कळणार? साहेबांचं समाधान होईल. पोरांचं होईल.

"आणि तुझं," भाची म्हणाली.

"माझंही."

"मध्ये थांबू का कुठं? तुला हं म्हणायला?"

भाचीने चिपांची पेटी बाजूला सरकवली. मग ती बोलली ती मामाकडे न बघता. तिला वाटायचं, मामा तिला दगड समजतो. नळ सोडून पळते म्हणून. पण नळ सोडला तरी ती जागा कळायचीच. पाणी धो धो चालू असायचं आणि हातातला पेला हातातच राहायचा. तिने एक दिवस स्वतःलाच पकडलं, मोरीत उभी राहून ती म्हणत होती, हं, आई, बोल. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, की या घरात चौथा पाठ एक तर तिने ऐकायचा नाही, नाही तर घरच सोडायचं.

मामा ऐकत होता. त्याला वाटायचं, ती जागा त्याची एकट्याची आहे. ताई थांबली ती त्याच्यासाठी, सांगायचं होतं ते त्याला. आणि इथे तर शाळेतली पोरं, खिडकीबाहेर बघणारा परका साहेब, मोरीतली ही पोरगी, सगळे आपापल्या जागी मान तिरकी करून उभे होते. ताई कोणाचीही वाट बघत होती, किंवा कोणाचीच नाही.

ज्यावर ताईने पाठ दिले होते ते साठवणीचं डबडं भाचीने पुढे ओढलं. "सातवा करते," ती म्हणाली. "तू बस तिकडे."

ती टाइप करू लागली. ताईसारखं अजिबात नाही. फटाफट, जोडाक्षरं तुडवत, एखादं अक्षर चुकलं की जिभेने चुक् करत मागे जायची. पाठ अर्ध्यावर आला आणि तिची बोटं थांबली. आपोआप. तिलाही कळलं, मामालाही कळलं. खोलीत काही हललं नाही. मामाचं तोंड उघडलं.

"म्हणू नकोस," भाची म्हणाली. "मला काही सांगायचं असलं ना मामा, तर मी तोंडाने सांगेन. मला तोंड आहे."

"सांग मग."

"उद्या शाळेत जा आणि ताई गेली म्हणून सांग. पुढचे पाठ माझ्या हाताचे जातील, माझ्या नावाने. चौथा कापू नकोस, आईने दिलाय तसा राहू दे. पोरं हं म्हणतात, म्हणू दे त्यांना. तू नाही म्हणायचं. इथे नाही, तिथे नाही. घरात चाचणीला तर तो लावायचाच नाही."

"आणि तिला काही सांगायचं असेल तर?"

भाची थांबलेल्या जागेच्या मागे गेली, तेवढा भाग पुसला आणि सातवा पाठ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या वेळी ती कुठे थांबली नाही. मामाने पूर्ण पाठ कान देऊन ऐकला. त्यात कोणीच नव्हतं, फक्त भाची होती. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली, सामान हलवल्यावर वाटते तशी.

दुसऱ्या दिवशी मामाने हेडसरांना खरं सांगितलं. हेडसरांनी मुद्दा असा आहे म्हणून सुरुवात केली आणि पुढे त्यांना काही सुचलंच नाही. ते उठून मामाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. साहेबांना ते कळवणार होते. मुलांना सांगायचं का, असं बाईंनी विचारलं, एकदाच विचारलं. मामा म्हणाला, त्यांना कशाला घाबरवायचं. ती शिकतायत ना, मग झालं.

तो वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात आला तेव्हा आत चौथा पाठ चालू होता. जिन्यापर्यंत जायला त्या दारावरूनच जावं लागायचं. त्याने पाऊल उचललं आणि तेवढ्यात ती जागा आली. बझर थांबले. मामा भिंतीला हात टेकून उभा राहिला. त्याच्या पाठीमागे, दाराच्या आत, कोणीतरी बोलता बोलता थांबलं होतं. त्याने ओठ घट्ट मिटले, डोळेही मिटले. घशातला हुंकार त्याने अन्नासारखा गिळला.

"हं?" सगळा वर्ग म्हणाला.

पुढचं अक्षर वाजायच्या आत मामा जिना उतरू लागला होता.